सीएसएमटीला उतरून साधंसं कुठे खावं? (सोबत आई-बाबा)

अबोली_७

नमस्कार मंडळी. पुढच्या रविवारी आई-बाबांना घेऊन एका दिवसासाठी मुंबईला जायचंय. पुण्याहून सकाळची डेक्कन क्वीन, म्हणजे साडेदहाच्या आत सीएसएमटी. संध्याकाळी ५:१० च्या डेक्कन क्वीननेच परत. मधल्या साडेसहा तासांत काम काहीच नाही. बाबांनी फोर्टात ३१ वर्षं नोकरी केली, निवृत्त झाल्यावर साताऱ्याला गेले ते गेलेच. आता ७६ व्या वर्षी अचानक "एकदा बोरीबंदरला उतरून पुरीभाजी खायची आहे" असं सुरू झालंय. तीन महिने रोज ऐकतेय, शेवटी तिकिटं काढायला बसले.

अडचणी सांगते. आईला शुगर आहे, गुडघे दुखतात, आणि ती पूर्ण शाकाहारी. बाबांना मासे दिसले की बाकी काही दिसत नाही. एसी, मेनूकार्ड, "वेलकम मॅम" असलं काही नको. बसायला बाकडं हवं, ताट स्वच्छ हवं, आणि स्टेशनपासून फार चालायला नको. मी स्वतः मुंबईत कधी राहिले नाही, त्यामुळे बाबा सांगतात त्या खुणा मला नकाशात सापडत नाहीत. त्यातल्या निम्म्या आता नसतीलही.

निमूट

आराम. वडापाव. समोरच आहे.

टिटवाळा_स्लो

ताई, तिकिटं काढली नसतील तर हात तिथेच थांबवा. रविवारी???

फोर्ट हा हापिसांचा भाग आहे. रविवारी तिथे कबुतरं असतात आणि रस्त्यात स्टंप लावून क्रिकेट खेळणारी पोरं असतात. खाण्याची ठिकाणं कारकुनांच्या जिवावर चालतात. कारकून घरी म्हणजे शटर खाली, निदान अर्ध्यांचं तरी. वर रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. तुमच्या एक्सप्रेसला फारसा त्रास होणार नाही, पण मध्येच दादरला कुणाला भेटायचं ठरवलंत तर लोकलची बोंब.

आठवड्यातला वार धरा. शनिवार चालेल, पण तोही दुसरा-चौथा नको. २०१५ पासून त्या दोन शनिवारी बँका बंद असतात आणि फोर्टात बँका बंद म्हणजे अर्धं गिऱ्हाईक बंद.

चकलीताई

निमूट यांनी चार शब्दांत उरकलं, मी जरा सविस्तर लिहिते :)

आराम म्हणजे स्टेशनच्या समोर, कॅपिटॉल टॉकीजच्या इमारतीत. बाहेरच्या काउंटरवर उभ्या-उभ्या वडापाव खाणाऱ्यांची झुंबड असते, ती बघून बिचकू नका. आत बसायला जागा आहे, आणि आत मराठी पदार्थ मिळतात: साबुदाणा वडा, थालीपीठ, मिसळ, पियूष. आईंना थालीपीठ आणि दही असं सुटसुटीत होईल. पियूष मात्र बाबांसाठीच मागवा, ते पेय म्हणजे पेल्यातलं श्रीखंड आहे.

माझी मुंबईतली पहिली नोकरी तिथून चार मिनिटांवर होती. महिनाअखेरीला दुपारचं जेवण म्हणजे तिथले दोन वडापाव आणि वरून पाणी. सुकी लाल चटणी वेगळी मागून घ्यायची, कुणी नाही म्हणत नाही.

अबोली_७

टिटवाळा_स्लो, बरं झालं सांगितलंत! तिकिटं काढायच्या पानावरच होते. मग गुरुवार? नाही, गुरुवारी आईचा उपास. शुक्रवार ठरवते.

चकलीताई

गुरुवारही चालला असता की, साबुदाणा वडा आहेच. पण शुक्रवार उत्तम.

बोरीबंदर

अबोली, तुझ्या वडिलांइतका नाही पण मीही फोर्टात २६ वर्षं काढली. म्हणून जरा लांबण लावतो, चालवून घे.

या भागात "कुठे खावं" हा प्रश्न अर्धाच आहे. किती वाजता आणि कुठल्या दाराने बाहेर पडता, हे आधी सांगावं लागतं. सकाळी दहाला जिथे राजासारखं बसता येतं, तिथे पाऊण वाजता माणसं तुमच्या खुर्चीमागे उभी राहून तुमचा भात संपायची वाट बघतात. आणि साडेतीनला तिथेच पोऱ्या टेबलावर डोकं ठेवून झोपलेला असतो, मालक म्हणतो खलास.

तेव्हा घड्याळ असं धर. साडेदहा ते बारा हा तुमचा सोन्याचा वेळ. नाश्त्याची गर्दी सरलेली, जेवणाची यायची आहे. साडेबारा ते दोन हॉटेलात पाऊल टाकू नकोस, गुडघे दुखणाऱ्या बाईला रांगेत उभं करणं हा छळ आहे. जेवायचं तर बाराच्या ठोक्याला, नाहीतर सव्वादोननंतर, तेही मासे संपलेले असण्याची तयारी ठेवून. चारनंतर पुन्हा भेळ, चहा, वडे.

आता दारं. लोकलच्या बाजूने बाहेर पडलं की समोर महापालिका आणि कॅपिटॉल, म्हणजे आराम, आणि महापालिकेच्या बाजूला कॅनन पावभाजी. तिथे जायला सबवे आहे. सबवेला इतकी तोंडं आहेत की मुरलेला माणूसही कधीकधी भलत्याच फुटपाथवर उगवतो. दुसरं दार जीपीओच्या बाजूचं. तिकडून रस्ता ओलांडलात की पेरिन नरिमन स्ट्रीट. वडील तिला बझारगेट म्हणत असतील. जुन्या किल्ल्याला तीन दरवाजे होते: अपोलो गेट, चर्चगेट आणि बझारगेट. तट १८६० च्या दशकात पाडला. चर्चगेटचं नाव स्टेशनाला चिकटून राहिलं, बझारगेटचं आमच्यासारख्या म्हाताऱ्यांच्या तोंडात.

त्याच रस्त्याच्या तोंडाशी पंचम पुरीवाला. वडिलांची पुरीभाजी ती हीच असणार, पैज लावतो. बोरीबंदरला पुरी म्हटल्यावर दुसरं नाव येत नाही. शंभर वर्षांहून कितीतरी जुनं दुकान, स्टेशनची आजची इमारत (ती १८८८ ला पुरी झाली) उभी राहायच्या आधीपासूनचं, असं तिथले लोक सांगतात. ताटलीत पाच पुऱ्या, बटाट्याची पातळ भाजी. टेबलं अरुंद, समोर अनोळखी माणूस बसणार, त्याच्या कोपराला तुमचं कोपर लागणार. आईंना आधी सांगून ठेव.

टिटवाळा_स्लो

काका, "१८८८ ला पुरी झाली" हा विनोद मुद्दाम की आपसूक?

बोरीबंदर

आपसूक. पण राहू दे तसाच.

पोटोबा

मी विरजण घालायला आलोय. ज्येष्ठांना घेऊन जाताय तर रस्त्यावरचं पाणी, बर्फ, ओली हिरवी चटणी आणि चिरून ठेवलेली फळं, या चार गोष्टी टाळा. गरम तेलातून समोर निघालेला वडा मला कधी बाधला नाही. बाधलं ते सँडविच. स्टेशनबाहेरच्या एका गाडीवर (नाव नव्हतं, असतं तरी लिहिलं नसतं) दुपारी तीनला काकडी-टोमॅटोचं सँडविच खाल्लं, काकडी सकाळी कधीतरी चिरलेली. रात्रीची लातूरची गाडी होती. पुढचं लिहीत नाही, वाचणारे जेवत असतील.

आईंच्या गोळ्या जेवणाआधीच्या असतील तर गाडीत नाश्ता किती झाला त्यावर सगळं अवलंबून. डेक्कन क्वीनला डायनिंग कार आहे, तिथलं चीज टोस्ट आणि ऑम्लेट प्रसिद्ध. गाडीत पोटभर खाऊन साडेदहाला पुऱ्या म्हणजे जरा जास्तच होईल.

अबोली_७

बाबांना सांगितलं की गाडीत फक्त चहा. त्यांनी मान्य केलं. आईने नाही, ती डबा घेणार आहे. मुंबईत खायलाच चाललोय तर डबा कशाला, यावर घरात दोन दिवस चर्चा चालू आहे.

काका, पुरीवाला तोच! नाव वाचून दाखवलं तर लगेच "हां, पंचम" म्हणाले. मग त्यांनी अजून दोन आठवणी काढल्या: इराण्याकडचा ब्रुन मस्का, आणि "पेठेतली" म्हणून एक मालवणी खानावळ, जिचं नाव त्यांना आठवत नाही, फक्त जिना आठवतो.

माणगावकर

माशांचं मी सांगतो. बाकीच्यांनी बाजूला व्हा.

फोर्टात मासे दोन जातीचे. एक मंगळुरी: गस्सी, नीर डोसा, खेकडा. त्यात कावसजी पटेल स्ट्रीटचं महेश लंच होम मोठं नाव, पण आता ते काही साध्यातलं राहिलं नाही, बिल बघून बाबा साताऱ्यापर्यंत बोलणार नाहीत. दुसरी जात आपली मालवणी-गोमंतकी. त्यासाठी गनबो स्ट्रीट, पाटीवर रुस्तम सिधवा मार्ग. तिथे प्रदीप गोमंतक भोजनालय. बांगडा नाहीतर सुरमई, आमटी, भात, सोलकढी. बोंबील असले तर बोंबील. पापलेटच्या नादी लागू नका, पापलेट लग्नात खायचा मासा आहे.

स्टेशनपासून चालत आठ-दहा मिनिटं. बाराला आत गेलात तर बसायला मिळतं. आईंना वास चालतो का, हा खरा प्रश्न.

अबोली_७

४८ वर्षं संसार केलाय माशांच्या वासात. वास चालतो, ताट चालत नाही.

माणगावकर

मग त्यांना सोलकढी, भात, पापड. काय असेल ती भाजी. आणि माशांचं ताट त्यांच्या समोर न ठेवता बाजूला ठेवायचं. आमच्या घरी आजीसाठी असंच करत.

फुकटचा_सल्ला

मला एक समजत नाही. मुंबईची ओळख वडापाव, आणि सगळे आरामचं नाव घेतात. आराम १९३९ चं. म्हणजे वडापाव १९३९ पासून आहे. मग दादरची ती गोष्ट खोटी का?

चकलीताई

दुकान १९३९ चं, वडापाव नव्हे हो. दुकान जुनं असलं म्हणून प्रत्येक पदार्थ पहिल्या दिवसापासून मिळायला लागत नाही. दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी १९६६ मध्ये वडा पावात घालायला सुरुवात केली, हेच सर्वत्र मानलं जातं. त्याआधी वडा वेगळा आणि पाव वेगळा खाणारे असतीलच, पण जोडी लावण्याचं श्रेय दादरकडे.

बोरीबंदर

चकलीताई बरोबर. एक पुरवणी: ज्या इमारतीत आराम आहे ते कॅपिटॉल मुळात गेइटी थिएटर, १८७९ चं. म्हणजे समोरच्या स्टेशनाच्या इमारतीहून ते वयाने मोठं. वडा खाताना वर बघायचं कुणालाच सुचत नाही.

फुकटचा_सल्ला

वडा खाताना वर बघितलं तर चटणी शर्टावर पडते.

इराणी_चहा

ब्रुन मस्क्याचं कुणीच काही बोललं नाही म्हणून शेवटी खातं उघडलं. इतके दिवस नुसता वाचत होतो.

स्टेशनच्या अगदी अंगणात जुना बसका इराणी आता शोधावा लागतो. माझ्या लहानपणी कोपऱ्याकोपऱ्यावर होते. (कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून इतर कुणी घेत नसत, ती इराण्यांनी घेतली असं सांगतात. माझे आजोबा म्हणायचे, कसलं अशुभ, दोन रस्त्यांचं गिऱ्हाईक मिळतं म्हणून घेतली.) तुम्ही सरळ धोबीतलावला जा, कयानीकडे. १९०४ चं. मेट्रो सिनेमाच्या समोर. उंच छत, गोल पाठीच्या लाकडी खुर्च्या, चौकड्यांचे टेबलक्लॉथ, बरण्यांत खारी आणि नानखटाई. बन मस्का, ब्रुन मस्का, मावा केक, आणि बाबांसाठी खिमा पाव.

ब्रुन बाहेरून कडक असतो, दातांची काळजी घ्या. चहात बुडवून खायचा, लाजायचं नाही, तिथे सगळे बुडवतात. वरचं लोणी चहावर तरंगायला लागलं की समजायचं, बरोबर चाललंय.

रस्ता: महापालिका मार्गाने सरळ, कामा हॉस्पिटल, मग झेवियर्स कॉलेज, मग मेट्रोचा चौक. चांगलं चालणाऱ्याला बारा-पंधरा मिनिटं. आईंसाठी टॅक्सी. जवळचं भाडं म्हणून टॅक्सीवाला तोंड वाकडं करेल, तुम्ही दार उघडून बसून टाकायचं.

पोटोबा

शुगरवाल्या बाईला मावा केक?

इराणी_चहा

अहो मी बाबांसाठी सांगितलं. आईंना ऑम्लेट-पाव... अरे हो, शाकाहारी. आईंना बिनसाखरेचा चहा आणि खारी.

पोटोबा

खारीत काय असतं माहितेय का तुम्हाला.

इराणी_चहा

माहीत नाही आणि सांगू नका.

रेवदंडा_रेवा

पारशी जेवण कुणाच्या यादीत नाही? गनबो स्ट्रीटवरच आयडियल कॉर्नर आहे, तिथे वारानुसार वेगळं असतं: धनसाक, सल्ली बोटी वगैरे. आणि बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानिया, १९२३ पासून. ते मुळात दुपारच्या जेवणाचंच ठिकाण. बेरी पुलाव प्रसिद्ध, त्यातली आंबट लाल बेरी म्हणजे इराणची झेरेश्क. तिथले बोमन कोहिनूर आजोबा वयाच्या नव्वदीनंतरही टेबलाटेबलाशी जाऊन काय खायचं ते सांगायचे. २०१९ मध्ये ९७ व्या वर्षी गेले. त्यांच्याशी मी एकदाच बोललेय, त्यांनी मला "लिंबू सोडा घे, पुलाव पचेल" असं बजावलं आणि पुलाव संपवला की नाही ते बघायला परत आले.

माणगावकर

ब्रिटानिया झकास, पण अबोलीच्या "साध्या"त बसणार नाही. वर दुपारी गर्दी.

रेवदंडा_रेवा

बसणार नाही हे खरं. पण धागा नुसता अबोलीसाठी थोडाच आहे, पुढे कुणीतरी वाचेल.

टिटवाळा_स्लो

मेट्रोचं कुणी बोलत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो सीएसएमटीला आली. सीएसएमटी, मग हुतात्मा चौक, मग चर्चगेट, म्हणजे दोनच टप्पे. आईंना चालायला नको असेल तर चर्चगेटची बाजू हाताशी आली. तिकडे ब्रेबॉर्न स्टेडियमच्या इमारतीत के. रुस्तम: दोन पातळ बिस्किटांमध्ये आइस्क्रीमची जाड वडी, कागदावर हातात देतात. १९५३ पासून तेच. एसएनडीटीच्या गल्लीत खाऊगल्ली आहे, पण तिथे उभं राहून खायचं, म्हणून तुम्हाला नको.

सूचना: आइस्क्रीम हातात आल्यावर फोटो काढू नका. आधी खा. माझं डाव्या बाहीत गेलं होतं.

निमूट

भेळ: विठ्ठल. एक्सेलसियर टॉकीजजवळ.

चकलीताई

निमूट, तुम्ही टेलिग्राम खात्यात होतात का हो?

निमूट

वडील होते.

बोरीबंदर

विठ्ठलचं मी विसरलोच होतो. १८७५ पासूनचं नाव, स्टेशनसमोरच्या बाजूला आतल्या गल्लीत. चारनंतर गाडी पकडायच्या आधी सुकी भेळ बांधून घे. ओली घेऊ नकोस, खंडाळ्यापर्यंत तिचा लगदा होतो. उन्हाळा असता तर क्रॉफर्ड मार्केटसमोर बादशाहचा फालुदाही सांगितला असता, १९०५ चं दुकान, पण आईंची शुगर आणि पोटोबांचा राग दोन्ही वाढतील.

आता खाण्यापलीकडचं. स्वच्छतागृह स्टेशनातलंच वापरून बाहेर पडा, फोर्टातल्या छोट्या हॉटेलांत बहुधा हात धुवायचं बेसिन तेवढं असतं. सामान असेल तर क्लोकरूम आहे, बॅगेला कुलूप नसेल तर घेत नाहीत. आणि अगदीच काही जमलं नाही, पाऊस लागला, आई थकल्या, तर स्टेशनातल्या जनआहारमध्ये बसा. तिथे कुणी मुद्दाम जात नाही, पण पंखा असतो आणि पोट भरतं.

अबोली_७

सगळ्यांचे आभार. कागदावर लिहून घेतलंय. बाबांनी कागद मागून घेतला आणि "घड्याळ" या मथळ्याखाली स्वतःच्या अक्षरात पुन्हा लिहून काढला. शुक्रवारी रात्री नाहीतर शनिवारी वृत्तांत टाकते.

अबोली_७

वृत्तांत. जरा मोठा आहे.

डेक्कन क्वीन पाच-सात मिनिटं उशिरा आली. आईचा डबा कर्जतच्या अलीकडे उघडला होता, मेथीचे ठेपले. बाबांनी ठरल्याप्रमाणे नुसता चहा घेतला आणि दोन ठेपले "चाखले".

जीपीओच्या बाजूने बाहेर पडलो. मी नकाशा उघडेपर्यंत बाबा रस्ता ओलांडून पलीकडे! मोबाईलमधली बाई "उजवीकडे वळा" म्हणतेय आणि बाबा डावीकडच्या खांबाला हात लावून "इथे पानवाला होता" सांगतायत. पंचममध्ये अकराला दहा कमी असताना बसलो. जागा लगेच मिळाली, काकांचं घड्याळ बरोबर निघालं. समोर एक कुरियरवाला मुलगा बसला होता, त्याने न विचारता आईसाठी भाजीचं भांडं सरकवलं. आईने दोन पुऱ्या खाल्ल्या, उरलेल्या तीन बाबांच्या ताटलीत. म्हणजे बाबांच्या आठ. मी मोजत होते हे त्यांना कळलं नाही.

मग खानावळीचा जिना. बोरा बाजाराच्या बाजूच्या दोन-तीन गल्ल्या फिरलो. एका इमारतीसमोर बाबा थांबले, जिना तोच म्हणाले, लाकडी कठडा तोच. खाली मोबाईलची कव्हरं विकणारं दुकान, वर कुरियरचं ऑफिस. दुकानातल्या मुलाला विचारलं, त्याला खानावळ ऐकूनही माहीत नव्हती. बाबा जिन्याच्या पाच-सहा पायऱ्या चढले आणि उतरले. नंतर हात धुवायला कुठे असतं तसं इकडेतिकडे बघत होते. आई म्हणाली, चला, बारा वाजतील.

प्रदीप गोमंतकला बाराला पोचलो. माणगावकर, बोंबील होते! कुरकुरीत, काटा मऊ. बाबांनी बोंबील आणि बांगड्याची आमटी घेतली. आईने सोलकढी-भात, वाढणाऱ्या दादांनी आपण होऊन तिला बटाट्याची भाजी आणून दिली. ताट बाजूला ठेवायची युक्ती केली, पण बाबा इतक्या आवाजात भुरकत होते की ताट बाजूला असून उपयोग नव्हता. साडेबाराला उठलो तेव्हा दारात बारा-पंधरा माणसं उभी.

बाबांचं जुनं ऑफिस बाहेरूनच बघितलं. रखवालदाराने आत सोडलं नाही, त्याचं बरोबरच आहे.

धोबीतलावला टॅक्सी केली. कयानीत आईचा चेहरा पहिल्यांदा खुलला. तिला छत आवडलं, आणि कुणी उठवत नाही हे आवडलं. पाऊण तास बसलो. बाबांनी ब्रुन बुडवला, पुढचा दात जरा हलला, पण पडला नाही. लोणी तरंगलं. इराणी_चहा, तुमच्या आजोबांचा कोपऱ्याचा मुद्दा बाबांना सांगितला, ते म्हणाले बरोबर आहे, आमचा इराणी दोन्ही दारांकडे तोंड करून गल्ल्यावर बसायचा.

के. रुस्तमला जायचं नव्हतं. पण वेळ उरला आणि आईनेच "ते बिस्किटातलं काय आहे" विचारलं. पोटोबा, तुम्ही इथून पुढे वाचू नका. ती एक घास घेणार होती. अर्धं खाल्लं. रात्री शुगर मोजली, आकडा इथे लिहीत नाही.

परत मेट्रोने सीएसएमटी, सबवेत दोनदा भलतीकडे निघालो, साडेचारला आराममधून सहा वडापाव बांधून घेतले. विठ्ठलची भेळ राहिली. गाडी सुटली तेव्हा आमच्या डब्यात सगळीकडे लसणाचा वास, समोरचे आजोबा तीनदा विचारून गेले कुठून आणले. कर्जत यायच्या आत बाबा झोपले होते, हातात तो घड्याळाचा कागद.

माणगावकर

बोंबील होते! बास. माझं काम झालं.

टिटवाळा_स्लो

सहा वडापाव घेतले. पुण्याला किती पोचले?

अबोली_७

दोन. एक समोरच्या आजोबांना दिला.

पोटोबा

वाचलं मी पुढचं. एक दिवस ठीक आहे. पुढच्या तीन दिवसांचे आकडे लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

बोरीबंदर

अबोली, ती जिन्याची खानावळ मी ओळखली असं वाटतंय. कठड्याला पितळी गोल मुठी होत्या का, ते वडिलांना विचार. असतील तर तिथे बुधवारी तिसऱ्या (शिंपल्या) मिळायच्या.

अबोली_७

विचारलं. मुठी आठवत नाहीत म्हणाले. तिसऱ्या आठवतात.

कल्याण_पूर्व

धागा वर काढतोय. मंडळी, माझी गाडी रात्री अकराची आहे, सीएसएमटीहूनच. हापिस नऊला सुटतं. तेव्हा काय उघडं असतं?

निमूट

भुर्जीपाव. बाहेरच्या गाड्या. कांदा जास्त सांगा.